तुझा जन्म कुठला?

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये 22:22-29



यरुशलेमेच्या गढीत पौलाला बांधले होते. फटके मारून चौकशी व्हायची होती. तेवढ्यात त्याने आपण रोमी असल्याचे सांगितले. सरदार स्वतः आला व त्याने खात्री करून घेतली. सरदाराने नागरिकत्व पुष्कळ पैसे मोजून मिळवले होते. पौलाचे मात्र जन्मापासूनचे होते. त्या एका उत्तराने चाबूक थांबला.

स्वर्गातील नागरिकत्वाविषयी लिहिणारा पौल हाच (फिलिप्पैकरांस 3:20). तरी पृथ्वीवरचा हक्क त्याने क्षुल्लक मानला नाही. मग आपल्या आदिवासी बांधवांचे कागद आपण क्षुल्लक कसे मानावे?

गेल्या महिन्यात एका कातकरी बहिणीबरोबर मी सुनावणीला गेले. तिचा मुलगा वीटभट्टीवर जन्मला, वाडीपासून दूर, दुसऱ्या तालुक्यात. जन्माची नोंद जन्म झाला तिथेच होते. वर्ष उलटले तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. 3 डिसेंबर 2004 पासून जन्मलेल्या मुलाचे नागरिकत्व ठरवताना आईवडिलांचे नागरिकत्वही पाहिले जाते. जन्मदाखला म्हणजे नागरिकत्वाचा दाखला नव्हे. पण मूल कुठे, केव्हा, कोणाच्या पोटी जन्मले, हे त्यावरूनच सांगता येते.

साहेबांनी तारीख विचारली. ती गप्प. मी घाईने म्हणाले, "1 जून." शाळेत सोयीसाठी अनेकांची लिहितात तीच.

"ताई, तुम्ही होता का तिथं?" साहेबांनी विचारले. मी खजील झाले.

मग तीच हळू बोलली, "दिवाळी करून आम्ही भट्टीवर गेलो. होळीच्या आदल्या दिवशी पोर झालं. शेजारच्या खोपीतल्या म्हातारीनं नाळ कापली. त्याच सालात थोरला शाळेत गेला."

थोरल्याच्या शाळेच्या नोंदीवरून साल मिळाले, कॅलेंडरवरून होळी मिळाली. साहेबांनी त्या म्हातारीचा जबाब मागितला आहे. दाखला अजून हाती आलेला नाही. पण माझी 1 जून लिहिली गेली असती, तर त्या मुलाच्या पहिल्याच कागदावर खोटे बसले असते, आणि ते माझ्या हातून.

या पाठातून तीन गोष्टी ध्यानात ठेवू या :

1. बोलायचे त्याने बोलावे. सोबत्याने धीर द्यावा, उत्तर देऊ नये.

2. आठवत नसेल तर तसे सांगावे. सण, पाऊस, पेरणी यांवरून काळ सांगता येतो.

3. आधी घरी बसून मूळ कागद, त्यांच्या प्रती आणि नावांचे स्पेलिंग ताडून पाहावे.

मननासाठी : पौलाने आपला हक्क सांगितला. ज्याला तो सांगता येत नाही, त्याच्याबरोबर रांगेत उभे राहायला आपण एक दिवस देऊ का?

प्रार्थना : त्या म्हातारीचा ठावठिकाणा लागावा, आणि पुढच्या तारखेला तिचा जबाब नोंदवला जावा.