स्तनांतील गांठ व वेळेवर तपासणी

स्तनांतील कर्करोगाची गांठ आरंभीं बहुधा दुखत नाहीं, म्हणून ती लाजेस्तव लपविली जाते. तोंवर रोग पसरतो. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयानें १९९८ पासून सुमारें दीड लक्ष स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांपैकीं निम्म्यांचे स्तन आरोग्यसेविकांनीं दर दोन वर्षांनीं, चार वेळां, हातांनीं तपासिले. २०२१ सालीं प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा कीं, पन्नाशीपुढील स्त्रियांत या रोगाचे मृत्यु सुमारें ३० टक्क्यांनीं घटले. क्ष-किरणांची मॅमोग्राफी हातास न लागणारी गांठहि दाखविते. ती महाग, पण सेविकेचे हात गांवोगांव पोहोंचतात. रत्नागिरी जिल्ह्यांत डेरवणच्या वालावलकर रुग्णालयानेंहि खेडोपाडीं अशी तपासणी केली आहे. भगिनींनो, प्रत्येक गांठ कर्करोग नसते. पण तो निर्णय डॉक्टरानें करावा, लाजेनें नव्हे.