तात्पर्य न सांगितलेली गोष्ट



"फादर, पोर ऐकत नाही, तुम्ही जरा दटावा," असे पालक आम्हांला नेहमी सांगतात. दटावणे सोपे असते. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात, रॉकी पर्वताच्या पायथ्याशी राहणाऱ्या स्टोनी नाकोडा आदिवासींनी अवघड वाट धरली. (तापवलेले दगड पाण्यात टाकून हे लोक अन्न शिजवीत, त्यावरून 'स्टोनी' हे नाव पडले.) मूल चुकले की वडीलधारी माणसे शक्यतो रागवत नसत. हिवाळ्याच्या लांब रात्री शेकोटीपाशी ती गोष्ट सांगत.

या गोष्टींत इक्टोम्नी नावाचा एक लबाड वारंवार येतो. नाकोडा आणि शेजारच्या अनेक जमातींत सांगितली जाणारी एक गोष्ट अशी. भुकेला इक्टोम्नी पाठीवर गाठोडे घेऊन तळ्याकाठून निघतो. बदके विचारतात, "गाठोड्यात काय आहे?" तो म्हणतो, "गाणी. पण डोळे मिटून नाचाल तरच गाईन." बदके डोळे मिटून नाचतात आणि हा गाता गाता एकेकाची मान मुरगळतो. शेवटी एक बदक हळूच डोळा उघडते, ओरडते आणि उरलेली उडून जातात. इक्टोम्नी शिकार भाजायला ठेवतो आणि झोपी जातो. तेवढ्यात दुसराच प्राणी (कोणता, ते सांगणाऱ्यागणिक बदलते) येऊन सारे फस्त करतो.

लहान मूल यावर नुसते हसते. थोडे मोठे झाले की विचारते, बदकांनी डोळे मिटलेच कशाला? आणखी काही वर्षांनी त्याला आपणही कुणाच्या तरी गाण्यावर डोळे मिटून नाचलो हे आठवते. सांगणारी आजी मात्र तात्पर्य सांगत नाही. चांगल्या सवयी अंगी असल्याशिवाय नीतीचे व्याख्यान कळत नाही, असे ॲरिस्टॉटलचे मत आम्ही सेमिनरीत शिकलो. प्रभू येशूनेही उधळ्या पुत्राच्या दाखल्यात थोरला भाऊ शेवटी घरात गेला की नाही, हे सांगितलेले नाही.

पण ही शेकोटी विझवली गेली, आणि त्यात ख्रिस्ती लोकांचा हात होता. कॅनडात सुमारे दीड लाख आदिवासी मुलांना निवासी शाळांत ठेवण्यात आले. तेथे आजी नव्हती आणि मातृभाषा बोलल्यास शिक्षा होई. स्टोनींच्या मॉर्ली गावातली शाळा मेथडिस्टांनी सुरू केली होती, हे खरे. परंतु देशभरातील अशा शाळांपैकी सर्वाधिक आपल्या कॅथलिक संस्थांच्या हाती होत्या. २५ जुलै २०२२ रोजी पोप फ्रान्सिस यांनी अल्बर्टातील मास्क्वासिस येथे याबद्दल क्षमा मागितली. दुसऱ्या दिवशी, संत योआकिम व संत ॲना यांच्या सणाला, ते लाक सेंट ॲन या तीर्थक्षेत्री गेले. त्या तळ्याकाठी स्टोनींचेच भाऊबंद राहतात. तेथे पोपमहोदय श्रद्धा पुढे नेणाऱ्या आज्यांविषयी बोलले.

आपल्याकडे आजीला कुणी घराबाहेर नेलेले नाही. ती शेजारच्या खोलीत आहे आणि नातवंडांच्या हाती मोबाईल आहे. नाताळच्या सुट्टीत धर्मशिक्षणवर्गाचा एक तास आजी-आजोबांना देण्याचा आमचा विचार आहे. इच्छुकांनी धर्मग्राम कार्यालयात नावे द्यावीत. गोष्ट कोणतीही चालेल. शेवटी तात्पर्य सांगू नये, एवढीच अट.