शेततळ्यात सोडण्यापूर्वी मत्स्यबीजाचे विलगीकरण

बाजारातून नवी गाय आणली तर ती पहिल्याच दिवशी जुन्या गुरांच्या दावणीस बांधू नये, हे जाणत्या शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. तिच्या अंगावर गोचीड असेल, पोटात जंत असतील, किंवा अद्याप न दिसणारा एखादा रोग असेल, म्हणून ती काही दिवस वेगळी बांधण्याची चाल आहे. २०२२ साली लम्पी चर्मरोगाची साथ आली तेव्हा राज्यात गुरांचे बाजार बंद ठेवावे लागले, हे वाचकांच्या स्मरणात असेलच. परंतु गाईच्या बाबतीत एवढी सावधगिरी राखणारा शेतकरी मत्स्यबीजाची पिशवी घेऊन आला म्हणजे त्याच सायंकाळी ती शेततळ्यात रिकामी करतो. मासा पाण्याखाली दिसत नाही, म्हणून त्याचा रोगही दिसत नाही. आणि जे दिसत नाही ते नाहीच, असे आपण समजून चालतो. ही समजूत किती महाग पडते व ती कशी टाळावी, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

मिरजगावच्या तळ्याची गोष्ट वेगळी का

मिरजगाव हे कर्जत तालुक्यातील, अहिल्यानगर-सोलापूर रस्त्यावरील गाव. जवळच निमगाव गांगर्डा येथे सीना नदीवर धरण आहे. तथापि हा सारा टापू अवर्षणाचा असून पाण्याचा भरवसा थोडा. २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना निघाल्यापासून अशा तालुक्यांत पुष्कळ तळी खोदली गेली. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद व तीन मीटर खोल अशा उतरत्या काठांच्या तळ्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते. हे पाणी मुळात माशांसाठी नसते. फाल्गुन-चैत्रात लिंबोणी व डाळिंब जगविण्यासाठी ते साठविलेले असते. मासे हे त्यातील जोडउत्पन्न होय.

यातच सर्व प्रश्नाचे मर्म आहे. ज्या मुलखात पाणी मुबलक आहे, तेथे तळ्यात रोग शिरला तर तळे उपसून, तळ उन्हात वाळवून पुन्हा भरता येते. आपणांस तो मार्ग मोकळा नाही. आमच्याच तळ्याचा अनुभव सांगतो. एका वर्षी भाद्रपदात आम्ही कटला व रोहूची बोटुकली आणून, वरवर पाहून, तशीच सोडली. दिवाळीनंतर मासे पाण्याबाहेर उसळ्या मारू लागले व काठाच्या कागदाला अंग घासू लागले. पागजाळे टाकून पाहिले तो प्रत्येक माशावर मसुरीच्या डाळीएवढे चपटे, काचेसारखे पारदर्शक किडे चिकटलेले! तळे रिकामे करावे तर बाग जाते, न करावे तर मासे जातात, असा पेच पडला. आम्ही बाग राखली. त्या वर्षीचे मासे हाडकुळे निघाले आणि बाजारात त्यांना कोणी विचारले नाही.

परोपजीवी दडतो कोठे

वर सांगितलेला किडा म्हणजे माशांची ऊ. शास्त्रीय नाव आर्ग्युलस. नावाने ऊ असली तरी ती कीटक नव्हे; खेकडा व कोळंबी यांच्याच कवचधारी वर्गातील ती आहे. दोन चूषकांनी ती माशाच्या अंगास चिकटते व सोंडेसारखी सुई खुपसून रक्तरस शोषते. जखमेवर लाल डाग पडतो आणि तेथून पुढे दुसरे रोगजंतू शिरतात. लक्षात ठेवण्याची गोष्ट ही की, अंडी घालावयाची वेळ आली म्हणजे मादी मासा सोडून जाते आणि दगड, काठी, तळ्याचा कागद अशा टणक जागी शेकडो अंडी ओळीने चिकटविते. उबदार पाण्यातही ती फुटण्यास आठवड्याहून अधिक काळ लागतो.

दुसरा शत्रू पांढऱ्या ठिपक्यांचा रोग. याचा एकपेशीय जंतू माशाच्या कातडीखाली राहतो, म्हणून अंगावर रव्याचे कण सांडल्यासारखे दिसते. पोट भरले की तो मासा सोडून तळाशी जातो, स्वतःभोवती कोश करतो आणि त्या एका कोशातून शेकडो पिल्ले पोहत बाहेर पडतात. त्यांना दोन दिवसांच्या आत मासा मिळाला नाही तर बहुधा ती मरतात. मिळाला तर फेरा पुन्हा सुरू होतो. पावसाळ्याच्या उबदार पाण्यात हा फेरा आठवड्याच्या आत पुरा होतो, थंडीत दोन आठवडे व त्याहूनही अधिक लागतात.

दोहोंचा बोध एकच. परोपजीवी हा आयुष्याचा काही भाग माशावर व काही भाग माशाबाहेर काढतो. खरेदीच्या दिवशी मासा स्वच्छ दिसला, याचा अर्थ एवढाच की त्या दिवशी त्याच्यावर काही दिसले नाही. म्हणून परीक्षा डोळ्यांनी नव्हे, तर काळाने करावयाची असते. वेगळे ठेवण्याची मुदत परोपजीवीच्या फेऱ्याहून मोठी हवी, हा विलगीकरणाचा पाया होय.

समुद्रातील शोभेचे मासे काचेच्या पेटीत पाळणाऱ्यांनी हा धडा पुरेपूर गिरविला आहे. खाऱ्या पाण्यातही पांढऱ्या ठिपक्यांचा असाच रोग असतो. त्याच्या जंतूचे नाव क्रिप्टोकॅरिऑन. तो माशावर तीन ते सात दिवस राहतो, मग गळून पडतो, आणि त्याचे कोश फुटण्यास निदान तीन दिवस, क्वचित कित्येक आठवडे लागतात. हे ध्यानी घेऊन नवे मासे दर तीन दिवसांनी कोरड्या केलेल्या दुसऱ्या पेटीत हलवावयाचे व असे चार वेळा करावयाचे, अशी युक्ती निघाली. गळलेला जंतू जुन्या पेटीत राहतो, मासा पुढे जातो. औषधाचा थेंबही लागत नाही. ही युक्ती आपल्या कामी कशी लावावी ते आता पाहू.

विलगीकरणाची कृती

१. तळ्यापासून दूर व तळ्यापेक्षा सखल जागी दोन लहान हौद करावेत. तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद व अर्धा मीटर खोल पाणी म्हणजे तीन हजार लिटर. लहान बोटुकली पाचशेपर्यंत यात राहू शकतात. खड्ड्यास कागदाचे अस्तर पुरते. वर जाळी असावी, नाहीतर बगळे व खंड्या आपले काम अगोदर उरकतील.

२. पिशवी न उघडता पंधरा-वीस मिनिटे हौदाच्या पाण्यावर तरंगत ठेवावी. नंतर मासे जाळीने उचलून घ्यावेत. पिशवीतील पाणी हौदात किंवा तळ्यात ओतू नये.

३. दहा लिटर पाण्यात दोनशे ग्रॅम खडेमीठ विरघळवून त्यात थोडे थोडे मासे दोन-तीन मिनिटे ठेवावेत. मासा कलंडू लागताच बाहेर काढावा. याने अंगावरील काही जंतू गळतात, परंतु कातडीखालचे मरत नाहीत. मिठाचे स्नान हे विलगीकरणाचा आरंभ आहे, त्याचा पर्याय नव्हे. हे खारे पाणी झाडांच्या मुळाशी टाकू नये.

४. शेंगदाणा पेंड व भाताचा कोंडा बेताने द्यावा. तळाची घाण रोज नळीने ओढून काढावी, कारण कोश तेथेच असतात. घाण पाण्याच्या जागी विहिरीचे ताजे पाणी भरावे. काढलेले पाणी बागेस चालते. वाया काहीच जात नाही.

५. हौदात बांबूची एक कामटी उभी ठेवावी. उवा असल्या तर तिच्यावर अंडी घालतील. ही कामटी आपला साक्षीदार समजावी. ती दर आठवड्यास पाहून उन्हात वाळवावी.

६. दर सातव्या दिवशी सर्व मासे दुसऱ्या हौदात हलवून पहिला हौद रिकामा करावा व कडक उन्हात वाळवावा.

७. असे एकवीस दिवस करावे, थंडीत अठ्ठावीस. शेवटी वीस-पंचवीस मासे पांढऱ्या ताटात घेऊन कल्ले व पंख नीट पाहावेत. मध्यंतरी रोग दिसला, किंवा हौदात नवे मासे टाकले, तर दिवसांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून करावी.

सामान्य चुका

पुष्कळ लोक तळ्यातच जाळीचा हापा बांधून नवे बीज त्यात ठेवतात व त्यालाच विलगीकरण म्हणतात. जाळीतून मासा जात नाही, परंतु जंतू व उवेची पिल्ले सुखाने जातात. दुसरी चूक हत्यारांची. हौदाची बादली व जाळी तळ्यास लावू नये. रोजचे काम आधी तळ्यावर व मग हौदावर करावे. तिसरी चूक म्हणजे उवा दिसताच पिकावरील कीटकनाशक तळ्यात ओतणे. ऊ कवचधारी असल्याने तिला मारणारे औषध तिच्या जातीच्या त्या सूक्ष्म जीवांसही मारते, ज्यांवर कटला वाढतो. आणि तेच पाणी गुरे पितात हेही विसरू नये. मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्याच्या सल्ल्यावाचून असे काही करू नये.

एकवीस दिवस थांबणे जिवावर येते, हे आम्हांस ठाऊक आहे. पाऊस पडलेला असतो, तळे भरलेले असते, हात शिवशिवत असतात. परंतु तीन हजार लिटरच्या खड्ड्यात रोग निघाला तर तो खड्डा घटकाभरात उपसता येतो. २२ लाख लिटरच्या तळ्यात निघाला तर ज्या पाण्यावर बाग उभी आहे, त्या पाण्याशीच वैर करावे लागते. आपल्या मुलखात जे पाणी बदलता येत नाही, त्यात काय सोडावे याचा निर्णय सावकाश करावा, एवढीच आमची शेतकरी बंधूंस विनंती आहे.