करवंटीच्या कोळशात वीज साठते का?

प्रश्न : आमची सिंधुदुर्गात नारळाची बाग आहे. करवंट्या चुलीत जातात. त्यापासून वीज साठवायचा कार्बन बनतो, हे खरे का? घरी करता येईल?

उत्तर : अगदी खरे. वीज झटपट साठवणाऱ्या सुपरकपॅसिटर या साधनाच्या इलेक्ट्रोडसाठी करवंटीचा सच्छिद्र कार्बन आज कारखान्यांत वापरला जातो. करवंटी घट्ट असते, तिच्यात लिग्निन भरपूर आणि राख फार कमी. भाताच्या तुसाचे तसे नाही. त्यात सिलिका इतकी, की ती आधी कॉस्टिक सोड्याने काढावी लागते.

पहिली पायरी तुम्हाला जमेल. झाकणबंद पिंपात, हवा कोंडून करवंट्या जाळा. तुकडा मोडून पाहा : कड चकचकीत दिसली आणि दगडावर टाकल्यावर खणखणला, तर कोळसा नीट झाला. पण हा कोळसा अजून मुका आहे, त्याची छिद्रे बंद असतात. ती उघडायला ८०० ते ९०० अंशांवर वाफ सोडतात. वाफ आतला कार्बन कुरतडत जाते आणि २ नॅनोमीटरहूनही बारीक छिद्रे पडतात. अशा एका ग्रॅमचे अंतर्गत क्षेत्रफळ सुमारे १५०० चौरस मीटर भरते, म्हणजे कबड्डीची अकरा मैदाने! छिद्रांच्या याच भिंतींना आयन (विद्युतभारित कण) चिकटतात आणि वीज साठते. रासायनिक बदल जवळपास नसल्याने चार्जिंग काही सेकंदांत होते. साठा मात्र लिथियम बॅटरीपेक्षा कितीतरी कमी.

प्रयोगशाळेत वाफेऐवजी पोटॅशियम हायड्रॉक्साइडही वापरतात. तापल्यावर ते भयंकर दाहक असते, घरी कृपया करू नका. तुम्ही उत्तम कोळसा बनवून विका. तो कोरडा आणि मातीविरहित ठेवा.