पोळ्यातील मेणापासून सुगंधी मेणबत्ती : घरगुती कृती व दक्षता

महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे गाव मे 2022 मध्ये देशातील पहिले 'मधाचे गाव' म्हणून घोषित झाले. त्यामुळे सातेरी मधमाशीच्या पालनाकडे लक्ष वेधले गेले. परंतु मधाइतकी मेणाची चर्चा होत नाही. जुनी पोळी आणि मधाच्या कप्प्यांवरील झाकणे बहुधा अडगळीत पडतात व मेणकिड्याच्या भक्ष्यस्थानी जातात. हेच मेण वेळेवर वितळवून साठविल्यास त्यापासून उत्तम सुगंधी मेणबत्ती तयार होते.

मेणाचे मोल

कामकरी माशीच्या उदराखालील चार जोड्या ग्रंथींतून मेण स्रवते. त्यासाठी माश्यांना मेणाच्या कित्येक पट मध खावा लागतो. मध काढताना झाकणांचे मेण दर किलो मधामागे साधारणपणे 10 ते 20 ग्रॅमच मिळते. म्हणून स्वच्छ मेणाचा पहिला उपयोग पोळ्यांचा पाया म्हणून लागणाऱ्या मेणपत्र्यांसाठी करावा आणि उरलेलेच मेण मेणबत्तीकडे वळवावे. मेणासाठी आग्या माशीची पोळी जाळणे किंवा वसाहत नष्ट करणे सर्वथा टाळावे.

मेणकिड्यापासून रक्षण

मोठा मेणकिडा (गॅलेरिया मेलोनेला) आणि छोटा मेणकिडा (अक्रोइया ग्रिसेला) यांच्या अळ्या केवळ शुद्ध मेणावर नीट वाढत नाहीत. पोळ्यातील पराग व माश्यांच्या पिल्लांनी टाकलेली कात हे त्यांचे खरे पोषण होय. त्यामुळे काळपट, जुन्या पोळ्यांत प्रादुर्भाव अधिक आढळतो आणि गाळलेल्या मेणाच्या वड्या बऱ्याच अंशी सुरक्षित राहतात. पेटीतून काढलेले पोळे म्हणूनच आठवडाभरात वितळवावे. ते शक्य नसेल तर पिशवीत बंद करून दोन दिवस डीप फ्रीझरमध्ये ठेवावे.

शुद्धीकरण

1. झाकणांना चिकटलेला मध पाण्याने धुऊन काढावा. ते पाणी पेट्यांजवळ उघड्यावर टाकू नये. त्यावरून माश्यांत लूटमार सुरू होते व रोग पसरतो.
2. मेण कापडात बांधून स्टीलच्या भांड्यात पाण्यासह मंद आचेवर तापवावे. लोखंडी व तांब्याच्या भांड्यात मेणाचा रंग बिघडतो. जड पाण्याऐवजी पावसाचे पाणी वापरावे.
3. पुरचुंडी दाबून मेण वर येऊ द्यावे, भांडे झाकून सावकाश थंड करावे आणि वडीच्या तळाचा गाळ खरवडून काढावा.

शुद्ध मेण साधारणपणे 62 ते 65 अंश सेल्सिअसला वितळते. विकतच्या मेणात पॅराफिनची भेसळ असू शकते. काही पॅराफिनही याच तापमानाला वितळत असल्याने केवळ या एका चाचणीवर विसंबू नये.

मेणबत्तीची कृती

500 ग्रॅम मेणापासून 50 ग्रॅमच्या सुमारे दहा मेणबत्त्या होतात. मेणाचे भांडे गरम पाण्याच्या मोठ्या भांड्यात ठेवून मेण 70 ते 75 अंशांपर्यंत तापवावे; थेट आचेवर ठेवू नये. शेगडी बंद केल्यानंतरच 15 ते 20 ग्रॅम सुगंधी तेल घालून हलक्या हाताने ढवळावे. विणलेली सुती वात आधी मेणात बुडवून ताठ करावी, सिलिकॉनच्या साच्यात मधोमध धरावी आणि मेण ओतावे. साचा वाऱ्यापासून दूर, सावकाश थंड होऊ द्यावा. घाईने गार केल्यास तडे जातात.

पॅराफिनपेक्षा या मेणाला जाड वात लागते. पहिली मेणबत्ती तासभर जाळून पाहावी. ज्योत मेणात बुडत असेल तर वात बारीक आहे. काजळी येत असेल तर जाड आहे. वितळलेल्या मेणाने पेट घेतल्यास पाणी कदापि टाकू नये. भांड्यावर झाकण ठेवून आच बंद करावी.

सुगंधाची निवड

सुगंधी तेलांच्या अभ्यासात बंगळूरचे स्थान मोठे आहे. तेथील मल्लेश्वरम भागातील काष्ठ विज्ञान व तंत्रज्ञान संस्था चंदनावर दीर्घकाळ संशोधन करीत आली आहे. तथापि, चंदनतेल घरगुती मेणबत्तीस परवडणारे नाही. मोगऱ्याचा अर्क ऊर्ध्वपातनाने नीट मिळत नाही व तोही महाग पडतो. शेतकऱ्यांच्या दृष्टीने गवती चहा, सिट्रोनेला व निलगिरी यांची तेले अधिक सोयीची आहेत. ती बाष्प ऊर्ध्वपातनाने सहज निघतात आणि पहिल्या दोहोंचे पीक बांधावरही घेता येते.

डास पळविण्याचा दावा

सिट्रोनेला मेणबत्तीविषयीचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. काही चाचण्यांत डासांचे चावे थोडे घटले, काहींत परिणाम दिसला नाही. उघड्या जागेत वाऱ्यामुळे वास लवकर विरतो. म्हणून डेंग्यू व हिवतापापासून बचावासाठी तिच्यावर विसंबू नये. मच्छरदाणी वापरणे व साचलेले पाणी काढून टाकणे हेच खरे उपाय. वेष्टनावर 'डासनाशक' असे छापल्यास कीटकनाशक अधिनियम, 1968 अन्वये नोंदणीचा प्रश्न उपस्थित होऊ शकतो. बचत गटांनी आपले उत्पादन सुगंधी मेणबत्ती म्हणूनच विकावे.

विस्तार कार्यकर्त्यांनी मधपालन प्रशिक्षणात मध काढण्याच्या दिवशीच मेण वितळविण्याचे प्रात्यक्षिक ठेवावे. मेण वेळेवर वाचले तरच मेणपत्र्यांची गरज भागून मेणबत्तीसाठी काही उरेल.