टॅबलेटवर पुन्हा सिंथेसायझर

प्रश्न : कॉलेजात असताना गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रात मी सिंथेसायझर वाजवायचो. निवृत्तीनंतर मुलाने आयपॅड दिला आहे. त्यावर पुन्हा संगीत करता येईल का?

उत्तर : नक्की येईल. सुरुवात मोफत मिळणाऱ्या ‘गॅरेजबँड’ने करा. जुना नाद हवा असेल, तर १९७८ च्या कॉर्ग एमएस-२० वर बेतलेले ‘आयएमएस-२०’ ॲप घ्या. काचेवर बोटांना पट्ट्या जाणवत नाहीत, म्हणून छोटा मिडी कीबोर्ड जोडा. ब्लूटूथ हेडफोनमध्ये सूर उशिरा पोहोचतो, वायरचाच वापरा. आधी ठेका, मग बेस, शेवटी धून रेकॉर्ड करा. जुन्या साथीदारांनाही बोलवा; त्यांची गिटार, ढोलकी वेगळ्या ट्रॅकवर सहज घेता येईल. हात नक्की परत बसेल, रोज थोडा वेळ वाजवा.