लव्हाळा : त्याची वस्ती व बंदोबस्त

बीड जिल्ह्यातील बागायती शेतास हराळी व कुंदा यांच्या जोडीने छळणारे तण म्हणजे लव्हाळा होय. गोदावरी, सिंदफणा, बिंदुसरा व मांजरा या नद्यांचे ओलसर काठ, ओढ्यांच्या कडा आणि पाटाचे पाणी झिरपते अशा जागी तो आपोआप वाढतो. तेथून गाळ, शेणखत व औतास चिकटलेली माती यांबरोबर त्याच्या गाठी मळ्यात येतात.

लव्हाळा गवतासारखा दिसला तरी गवत नव्हे. गवताची काडी बहुधा गोल व पेरेदार असते. लव्हाळ्याचा दांडा तीन कडांचा, भरीव व बिनपेरांचा असतो. बोटांत फिरवून पाहिल्यास हा भेद तत्काळ कळतो.

त्याचे खरे बळ जमिनीखाली आहे. बारीक मुळ्यांनी जोडलेल्या काळ्या गाठींची तेथे साखळी असते. साखळी अखंड असता टोकाची गाठ फुटते व मागील बहुतेक निद्रिस्त राहतात. ती तुटली की त्याही जाग्या होऊन कोंब काढतात. म्हणूनच ओल्या जमिनीत एकदाच वखर फिरवून स्वस्थ बसल्यास लव्हाळा कमी न होता उलट दाट होतो.

यास्तव रब्बीचे पीक निघताच खोल नांगरट करून ढेकळे उन्हाळभर तापू द्यावीत. गाठीतील ओल आटली की ती मरते. वर आलेल्या गाठी वेचून काढाव्यात. त्या उकिरड्यात किंवा पाटात टाकू नयेत. पावसाळ्यात कोंब दिसू लागल्यापासून दर दोन-तीन आठवड्यांनी खुरपणी करावी, म्हणजे नव्या गाठी धरण्यास अवसर मिळत नाही. लव्हाळ्यास सावली मानवत नसल्याने ताग किंवा चवळीसारखे दाट पीक घेणे हितावह ठरते. पाटाच्या कडाही स्वच्छ राखाव्यात.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी एक प्रयोग करून दाखवावा. काही गाठी चैत्राच्या उन्हात पंधरा दिवस वाळवाव्यात. तेवढ्याच ताज्या गाठी खणून आणाव्यात आणि दोन्ही निरनिराळ्या कुंड्यांत लावून पाणी द्यावे. ताज्या गाठी फुटतील, वाळलेल्या फुटणार नाहीत. हे डोळ्यांनी पाहिलेला शेतकरी उन्हाळी नांगरट टाळणार नाही.

वेचलेल्या गाठी वाया जात नाहीत. आयुर्वेदातील सुगंधी मुस्ता ती हीच. मात्र एका वर्षात शेत स्वच्छ होईल अशी अपेक्षा धरू नये. लागोपाठ दोन-तीन हंगाम नेटाने काम करणाऱ्यासच यश येते.